झाडीत शिरण्याआधी

माझं काम लढायांचे नकाशे रचण्याचं. खऱ्या फौजांसाठी नव्हे, संगणकावरच्या व्यूहरचनेच्या खेळांसाठी. पुण्यातल्या एका स्टुडिओत आम्ही परदेशी प्रकाशकासाठी रोमन काळातला एक खेळ करत होतो आणि कामाची वाटणी झाली तेव्हा जंगलं माझ्या वाट्याला आली. मैदानं सगळ्यांना हवी होती. मैदानात दोन फळ्या समोरासमोर भिडतात, घोडदळ बगलेवरून फिरतं, जाहिरातीची चित्रफीत आपसूक तयार होते. जंगलात यातलं काही होत नाही. तिथे फक्त तक्रारी होतात.

पहिली तक्रार ठरलेली. "ताई, माझी माणसं कुठायत तेच दिसत नाही." टेस्टर असं म्हणाला की नेहमीचा उपाय करायचा. कॅमेरा जवळ आला की झाडांचे शेंडे पारदर्शक करायचे, प्रत्येक तुकडीच्या डोक्यावर झेंडा तरंगत ठेवायचा, शत्रू दिसला की त्याची कड लाल रंगानं उजळायची. तक्रार बंद होते आणि तिच्याबरोबर जंगलही संपतं. उरतो तो हिरवा रंग दिलेला मैदानाचा तुकडा.

या धंद्यात येणारा प्रत्येक जण जुन्या खेळांतून शिकतो. १९९७ च्या 'एज ऑफ एम्पायर्स'मध्ये झाडी म्हणजे लाकडाचं कोठार आणि आयती भिंत. तोडल्याशिवाय आत शिरता येत नाही, म्हणून जाणता खेळाडू झाडीला पाठ लावून वस्ती करतो. 'सिव्हिलायझेशन'च्या पाचव्या भागात जंगलात उभ्या असलेल्या तुकडीला बचावासाठी २५ टक्के फायदा मिळतो आणि आत शिरायला जास्त चाल खर्ची पडते. २००४ च्या 'रोम: टोटल वॉर'मध्ये तुकड्या झाडीत लपून राहतात. शिवाय प्रत्येक तुकडीच्या नोंदीत झुडुपं, वाळू, जंगल आणि बर्फ अशा चार प्रकारच्या जमिनींसाठी अधिक-उणे आकडे असतात. ही नोंद साध्या मजकुराच्या फायलीत असल्यामुळे माझ्यासारखे कित्येक जण ते आकडे बदलून बघता बघताच या कामाला लागले. आमच्या पहिल्या आराखड्यातही तोच हिशेब होता: अवजड पायदळाला जंगलात उणे, हलक्या पायदळाला अधिक, घोडदळाला मोठं उणे.

खेळ चालायला एवढे आकडे पुरतात. पण त्यातून खेळाडूची अशी समजूत होते की रोमन सैनिक झाडीत गेला की तो आपोआप दुबळा होतो. इतिहास तसं सांगत नाही. इ.स. १६ मध्ये वेझर नदीजवळच्या लढाईआधी रोमन सेनापती जर्मानिकसनं आपल्या सैनिकांपुढे केलेलं भाषण इतिहासकार टॅसिटसनं दिलं आहे. त्याचा आशय असा, की डोकं शाबूत ठेवलं तर रोमन सैनिकाला रानही मैदानाइतकंच सोयीचं आहे. जर्मनांच्या अवाढव्य ढाली आणि लांब भाले बुंध्यांच्या आणि झुडुपांच्या दाटीत नीट फिरवता येत नाहीत, आखूड तलवार आणि अंगाला घट्ट बसणारं चिलखत मात्र तिथे उपयोगी पडतं. भाषण इतिहासकारानं रचलेलं असेल, पण मुद्दा शस्त्रांच्या लांबीचा आहे आणि तो पटण्यासारखा आहे. त्याच मोहिमेत पुढे अँग्रिव्हारी या जर्मन टोळीच्या बांधापाशी, झाडी आणि दलदल यांच्या बेचक्यात लढाई झाली. तिथे जर्मनांचीच दाटी झाली, त्यांना भाले चालवता येईनात आणि रोमन जिंकले.

याच्या सातच वर्षं आधी, इ.स. ९ मध्ये, ट्युटोबर्गच्या जंगलात रोमन सेनापती व्हारसच्या तीन लीजन, म्हणजे रोमन फौजेची तीन मोठी दळं, नामशेष झाल्या होत्या. १७, १८ आणि १९ हे त्यांचे क्रमांक रोमनांनी पुन्हा कुठल्याही लीजनला दिले नाहीत. सैनिक त्याच घडणीचे, शस्त्रं तीच, जंगलंही त्याच मुलखातली. मग बदललं काय? व्हारसची फौज लढाईला निघालीच नव्हती, ती वाटेवर होती. गाड्या, ओझ्याची जनावरं, बायकापोरं, नोकरचाकर असे बाजारबुणगे सैनिकांत मिसळलेले. अरुंद वाटेमुळे रांग १५ ते २० किलोमीटर लांबली असावी, असा अंदाज बांधला जातो. इतिहासकार कॅशियस डिओनं बऱ्याच नंतर लिहिलेल्या वर्णनात वादळी पाऊस आहे, मुळांवरून घसरणारे पाय आहेत आणि भिजून निकामी झालेल्या ढाली आणि धनुष्यं आहेत. हल्ला करणाऱ्या जर्मनांचा म्होरक्या आर्मिनियस स्वतः रोमनांच्या साहाय्यक दळात सरदारकी केलेला, रोमन नागरिकत्व मिळालेला माणूस. उघड्यावर लीजनची फळी मोडत नाही हे त्याला चांगलं ठाऊक होतं. म्हणून फळी उभीच राहू नये, अशी जागा त्यानं निवडली.

या दोन लढाया शेजारी ठेवल्यावर माझा आराखडा बदलला. मी जंगलाच्या उण्याचे आकडे काढून टाकले आणि फक्त नजर तोडली. आमच्या खेळात प्रत्येक तुकडीचं मनोधैर्य आजूबाजूला आपली माणसं दिसतात की नाही यावर बेतलेलं होतं. मैदानात हे कधी जाणवतही नाही, कारण दोन्ही बाजूंना आपली तुकडी असतेच. झाडांमुळे नजर अडायला लागली की शेजारची तुकडी जवळ असूनही नसल्यासारखी होते. बगल उघडी पडल्याची भीती वाटू लागते. मग एका बाजूनं आरडाओरडा झाला की तुकडी बिचकते आणि ती मागे सरकताना ज्यांना दिसते, त्यांचंही अवसान गळतं. कुठल्याही सैनिकाच्या ताकदीला हात न लावता अवजड पायदळ झाडीत ढासळायला लागलं. आणि त्याच पायदळाला आधी एकत्र आणून, बगला सांभाळून आत पाठवलं तर ते टिकू लागलं. ट्युटोबर्ग आणि अँग्रिव्हारींचा बांध, दोन्ही एकाच नियमातून निघू लागले.

यामुळे खेळाडूंचे डावपेच बदलले. मैदानातली लांब सलग फळी झाडीत निरुपयोगी ठरते. प्रत्येक सैनिकाला रांगेत ठरावीक जागा असते, त्या जागेवर झाड आलं की तो बाजूला सरकतो, त्याला शेजारचा सरकतो आणि शंभर पावलांत रांगेची नागमोड होते. त्यापेक्षा आखूड आणि खोल चौकोन करावेत, मध्ये मोकळी जागा सोडावी आणि दुसरी रांग इतकी जवळ ठेवावी की पहिलीला ती दिसत राहील. तिरंदाज झाडीच्या पोटात ठेवू नयेत, बुंधेच निम्मे बाण खातात. त्यांची जागा कडेला. घोडदळ आत नेऊ नये, पण घरी बसवूही नये. शत्रू ज्या बाजूनं बाहेर पडेल त्या उघड्या पट्टीवर ते उभं असावं, कारण झाडीतून पळून बाहेर आलेल्या माणसाला फळी धरायला वेळच नसतो.

कडेचं महत्त्व मला नकाशे रचतानाच कळलं. युरोपातल्या बीच वृक्षांच्या जुन्या रानांचे फोटो आम्ही ढीगभर पाहिले. त्यात एक गोष्ट सारखी दिसायची. रानाच्या आत घनदाट सावलीमुळे खाली फारसं काही उगवत नाही, बुंध्यांमधून बरंच लांबवर दिसतं. खरी दाटी असते ती कडेला, जिथे ऊन पोचतं. म्हणजे बाहेरून पाहणाऱ्याला रान अभेद्य वाटतं, आणि कडेपासून थोडं आत उभा असलेला माणूस मात्र बाहेरचं सगळं पाहू शकतो. दबा धरायची जागा तीच. आमच्या टेस्टरांपैकी जे आपली माणसं रानाच्या मधोमध लपवत, ते नेहमी उशिरा पोचत. जे कडेच्या आत दोन-तीन रांगा सोडून थांबत, ते वेळेवर बाहेर पडत.

ऋतूचा मुद्दा आमच्या एका टेस्टरनं आणला. तो गडचिरोलीचा. सगळे नकाशात काय दिसतं यावर वाद घालत असताना तो म्हणाला, "रानात आधी ऐकू येतं ताई, दिसतं नंतर. उन्हाळ्यात सागाची पानं खाली पडली की माणूस लांबूनच कळतो. पावसाळ्यात तोच माणूस पाठीशी येऊन उभा राहिला तरी पत्ता लागत नाही." त्या दिवसापासून आमच्या लपण्याच्या नियमात आवाज आला. वाळलेल्या पानांवरून धावणारी तुकडी लवकर उघडी पडते, हळू चालणारी उशिरा, आणि पाऊस असेल तर दोघींतला फरक जवळजवळ उरत नाही. डिओच्या वर्णनातलं वादळ तोवर मी केवळ वातावरणनिर्मिती म्हणून ठेवलं होतं. आता ते दबा धरणाऱ्याचं हत्यार झालं.

दबा धरण्यातलं सर्वांत अवघड काम म्हणजे केव्हा उठायचं हे ठरवणं. आमच्या संगणकाला ते येत नव्हतं. पहिला शत्रू दिसला की तो सगळी फौज घेऊन बाहेर धावे, म्हणून टेस्टर एकच घोडेस्वार पुढे सोडत आणि आख्खा सापळा फुकट घालवत. यावरचा तोडगा सीझरच्या लिखाणात सापडला. इ.स.पू. ५७ मध्ये सांब्र नदीपाशी नर्व्ही लोक झाडीत लपून बसले होते. त्या मुलखात रोपटी वाकवून, मध्ये काटेरी झुडुपं गुंफून त्यांनी अशी कुंपणं केली होती की घोडेस्वाराला पलीकडचं दिसतही नसे. त्यांची खूण ठरलेली होती: सामानाच्या गाड्या दिसल्या की उठायचं. कारण रोमनांच्या प्रत्येक लीजननंतर तिच्या गाड्या येतात असं त्यांना कळलं होतं, म्हणजे गाड्या दिसल्या की पहिली लीजन एकटी सापडणार. पण सीझरनं त्या दिवशी क्रम बदलला होता. सहा लीजन पुढे, मग सगळं सामान, आणि मागे नव्यानं उभ्या केलेल्या दोन लीजन. नर्व्ही खुणेप्रमाणे उठले आणि एकट्या लीजनऐवजी छावणीची तटबंदी बांधत असलेल्या सहा लीजनवर तुटून पडले. तरीही त्यांनी रोमनांना पराभवाच्या टोकापर्यंत नेलं.

आम्ही हेच घेतलं. लपलेली फौज आता पहिला माणूस पाहून उठत नाही, वाटेवरच्या एका ठरलेल्या ठिकाणी गाडी पोचली की उठते. यानं खेळाडूच्या हाती एक चांगला डाव आला. शत्रूची खूण कोणती हे त्याला माहीत नसतं, पण आपल्या रांगेचा क्रम तोच ठरवतो. खेळाडू स्वतः दबा धरत असेल तर त्याच्यासाठीही नियम तोच. तिरंदाजांना दिसेल त्यावर बाण सोडायची मोकळीक बंद ठेवायची, आघाडीला जाऊ द्यायचं आणि मध्यावर किंवा पिछाडीवर पडायचं, म्हणजे पुढे गेलेल्यांना वळून येताना स्वतःच्याच गाड्या आडव्या येतात.

संगणकाला आंधळं करणं हे आणखी वेगळं काम. खेळाडूची प्रत्येक तुकडी कुठे आहे हे संगणकाला मुळातच माहीत असतं, कारण सगळी माहिती एकाच ठिकाणी साठवलेली असते. तो प्रामाणिक राहावा म्हणून त्याच्यापासून ती लपवावी लागते. आमच्या प्रोग्रॅमरनं त्याच्यासाठी वेगळी वही ठेवली. शत्रू शेवटचा कुठे दिसला, किती वेळापूर्वी, आणि एवढ्या वेळात तो कुठवर गेला असेल. वेळ जाईल तसं ते वर्तुळ मोठं होत जातं आणि संगणकाला टेहळणीला माणसं पाठवावी लागतात. कधी तो रिकाम्या झाडीवर चालून जातो. टेस्टर तेव्हा हसत. पण याच बदलानंतर त्यांचं "हा चीटिंग करतो" असं म्हणणं थांबलं. समोरचाही चाचपडतोय हे कळल्यावर हरणंसुद्धा माणसाला मान्य होतं.

मग आगीचा हट्ट सुरू झाला. जंगल आहे तर ते पेटलं पाहिजे, असं प्रत्येकाला वाटतं, आणि ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीस वाचला तर त्यांचं चूक नाही. इ.स.पू. ४२६ मध्ये अथेन्सचा सेनापती डेमॉस्थेनिस एटोलियाच्या डोंगराळ मुलखात शिरला. तिरंदाजांचे बाण होते तोवर त्यानं हलक्या शस्त्रांच्या एटोलियनांना लांब ठेवलं. मग तिरंदाजांचा नायक पडला आणि ते पांगले, क्रोमॉन नावाचा वाटाड्या मारला गेला, आणि पळणारे बरेच जण वाट चुकून बाहेर पडायला रस्ता नसलेल्या रानात घुसले. एटोलियनांनी ते रान भोवतीनं पेटवून दिलं. पुढच्याच वर्षी स्फॅक्टेरिया बेटावर तोच डेमॉस्थेनिस झाडीत लपलेल्या स्पार्टनांसमोर होता आणि आधीच्या अनुभवानं आत उतरायला कचरत होता. तेव्हा एका सैनिकाच्या स्वयंपाकाच्या विस्तवानं, वाऱ्याच्या साथीनं, बेटावरचं बहुतेक रान जळून गेलं. शत्रू किती आहेत आणि कुठे उतरता येईल हे त्याला पहिल्यांदा दिसलं. बेटावरच्या ४२० जणांपैकी २९२ जिवंत हाती लागले.

या दोन आगींत मला महत्त्वाचं वाटलं ते जळणं नाही. एकदा वाटाड्या गेला, एकदा पडदा गेला, आणि दोन्ही वेळा निकाल त्यावर लागला. म्हणून आमच्या ओल्या जर्मन रानात आग लागत नाही, पण वाटाड्या असतो. तो जिवंत असेपर्यंत नकाशावर पायवाटा दिसतात. तो पडला की त्या पुसल्या जातात. आणि ज्याला पडदा हटवायचाच आहे त्याला कुऱ्हाडी दिल्या आहेत. इ.स.पू. ५६ मध्ये मोरिनी लोक रानात शिरून बसले तेव्हा सीझरनं रानच तोडायला काढलं. तोडलेली झाडं शत्रूच्या दिशेनं तोंड करून दोन्ही बगलांवर रचली, म्हणजे तीच तटबंदी झाली. शेवटी वादळी पावसानं काम बंद पाडलं, सीझरनं गावं जाळली, शेतं उद्ध्वस्त केली आणि तो हिवाळी छावण्यांकडे परतला. खेळातही तोडणीला वेळ लागतो, माणसं गुंतून पडतात, आणि पाऊस आला की काम थांबतं.

सगळ्यांत मोठा वाद झाला तो रानात शिरण्यावरून. जाणते टेस्टर रानाच्या कडेशी फौज थांबवायचे आणि आत शिरायलाच नकार द्यायचे. त्यांचं बरोबर होतं. झाडीतल्या लढाईचा पहिला डावपेच म्हणजे ती टाळणं. पण मग खेळ पुढे सरकेना. वरून सूचना आली की घड्याळ लावा, ठरावीक वेळेत शत्रू मारला नाही तर हार. मी म्हटलं, घड्याळ लावलं तर खेळाडूला मूर्खपणा करायला आपणच भाग पाडतोय. रोमनांना जंगलात मारामारी करायची हौस नव्हती. त्यांना पलीकडे जायचं होतं.

माझ्या बाजूनं पुरावा होता तो इ.स. १५ चा. रोमन सेनापती कायकिनाच्या चार लीजन दलदलीतल्या जुन्या बांधरस्त्यानं परतत होत्या आणि भोवतीच्या उतारांवरच्या रानात आर्मिनियस टपून होता. गाड्या चिखलात रुतल्या तेव्हा त्यानं हल्ला चढवला. कायकिनाचा घोडा पडला, तो स्वतः थोडक्यात वाचला. पण जर्मन लुटीच्या मागे लागले, मारणं राहून गेलं आणि संध्याकाळपर्यंत रोमन कोरड्या, मोकळ्या जमिनीवर पोचले. दुसऱ्या दिवसासाठी आर्मिनियसचा सल्ला होता की त्यांना छावणीतून बाहेर पडू द्या आणि पुन्हा चिखलात गाठा. त्याचा चुलता इंग्विओमेरस म्हणाला, छावणीवरच तुटून पडू. लोकांना तेच आवडलं. रोमनांनी त्यांना तटापर्यंत येऊ दिलं, मग दरवाज्यांतून बाहेर पडून पिटाळून लावलं.

मराठी माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. १६६१ च्या फेब्रुवारीत उंबरखिंडीच्या दाट झाडीत मुघल सरदार कारतलबखानाची अवजड फौज अडकली, तेव्हा शिवाजीमहाराजांनी तिची कत्तल करायचा हट्ट धरला नाही. त्याच्यासोबत असलेल्या रायबागनच्या सल्ल्यानं खान शरण आला, सामान आणि खंडणी देऊन सुटला. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता: कोण काय घेऊन, कुठून बाहेर पडणार. हे मी बैठकीत मांडलं आणि घड्याळाऐवजी जिंकण्याची अट बदलली गेली. आता किती शत्रू मेले याला गुण नाहीत. रानाच्या दुसऱ्या टोकाला किती माणसं आणि किती गाड्या पोचल्या, याला आहेत. दबा धरणाऱ्यालाही गुण मिळतात ते अडकवलेल्या गाड्यांचे. मात्र त्याची माणसं लुटीला लागली की तेवढा वेळ ती लढाईतून बाद.

त्यानंतर टेस्टरांना डावपेच शिकवावे लागले नाहीत. कुणी बुणगे कडेलाच सोडून सडी फौज पुढे काढली. कुणी एक गाडी मुद्दाम मागे टाकून शत्रूला तिच्यावर गुंतवलं. कुणी कडेच्या आत आपली पिछाडी लपवून पाठलाग करणाऱ्यांनाच गाठलं. आता नवा टेस्टर आला की "झाडीत लढायचं कसं" असं फारसं विचारत नाही. तो विचारतो, "ताई, गाड्या आधी काढू की शेवटी?" त्याचं उत्तर मी देत नाही, कारण ते नकाशागणिक बदलतं आणि मी नकाशे त्याच हिशेबानं रचते.